सहाच्या जागी चार

सकाळी सव्वासहाला कपडे बदलायच्या खोलीबाहेर लावलेला कागद ओनेल पनियाग्वाने वाचला, आणि त्याला वाटलं, लिहिणाऱ्याचा हात चुकलाय. त्याच्या नावापुढे चार होतं. बेसबॉलच्या मैदानावर प्रत्येक जागेला आकडा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो तो शॉर्टस्टॉप, त्याचा आकडा सहा, आणि ओनेल सहा होता. वयाच्या सातव्या वर्षापासून, म्हणजे गेली पंधरा वर्षं, तो दुसरं काहीही नव्हता. चार म्हणजे सेकंड बेस, बेसच्या पलीकडची जागा. चुका होतात, मागच्या आठवड्यात याच कागदावर त्याचं आडनाव एक अक्षर खाऊन लिहिलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्याने बोट खाली सरकवलं. दोन ओळी सोडून नेफ्तालीचं नाव होतं. त्याच्याच खोलीत राहणारा, त्याच्याच साबणाने अंघोळ करणारा, एकोणीस वर्षांचा नेफ्ताली. त्याच्यापुढे सहा लिहिलं होतं. एका माणसाचा हात एकाच सकाळी दोनदा आणि इतका सोयीस्कर चुकत नाही, हे ओनेललाही कळत होतं, तरी तो बोट तिथेच ठेवून उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "वाचून झालं असेल तर सरक की, साहेब." तो दचकला. आपल्या मागे इतका वेळ माणूस उभा होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं त्याला उगीचच वाईट वाटलं.

हॅलडेनसाहेबांनी त्याला बोलावलं तेव्हा मधे बोलायला मोंचोकाका होते. हॅलडेन म्हणजे या परदेशातल्या सराव-शिबिरातल्या दीडशे पोरांपैकी कोण वर जाणार आणि कोण घरी, हे ठरवणारा माणूस. मोंचोकाका म्हणजे ओनेलच्याच देशातला, सत्तरीला टेकलेला, आतल्या मैदानाचा, म्हणजे बेसांजवळ खेळणाऱ्यांचा, शिक्षक. साहेब आधी हातांबद्दल बोलले. तुझे हात फार छान आहेत. पाय छान आहेत. काही काढून घ्यायचं असलं की माणसं आधी कौतुक करतात. ओनेलने मान खाली घालून ते कौतुक ऐकलं. मग साहेबांनी आपला उजवा खांदा थोपटला आणि पंजा हवेत डावा-उजवा हलवला, होडी डुलते तसा. बाहेर आल्यावर मोंचोकाकांनी ते सगळं आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं, साखर न घालता. "वरच्या संघाला सेकंड बेसवाला हवाय. शॉर्टस्टॉप त्यांच्याकडे गोणीभर पडलेत. नेफ्तालीचा खांदा बघितलास ना? तसा तुझा नाही, आणि बाविसाव्या वर्षी आता होणारही नाही. एकवीस दिवस आहेत. शिकलास तर जागा आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कोल आहेच," मोंचोकाका म्हणाले. कोल हा साहेबांचा कारकून. मार्च संपता संपता तो एका सकाळी कागदी पेल्यात कॉफी घेऊन कपडे बदलायच्या खोलीत येतो, हळू आवाजात काही नावं घेतो, आणि ज्यांची नावं घेतली ती पोरं दुपारच्या विमानाने जातात. गेल्या वर्षी त्याने ओनेलच्या शेजारच्याचं नाव घेतलं होतं. त्या पोराने एक मोजा घातला होता, एक हातात होता, आणि हातातला घालावा की पायातला काढावा हे त्याला बराच वेळ ठरवता येत नव्हतं.

अंतर म्हणाल तर तीस-पस्तीस पावलांचं. पण त्या पस्तीस पावलांत सगळं जग आरशात गेल्यासारखं उलटं झालं. चेंडू वेगळ्या बाजूने फिरत यायचा, पहिला बेस हाताशी यायचा, ऊन डोळ्यांत यायचं. त्याचं काही नव्हतं; ऊन डोळ्यांवर टोपी ओढून सोसता येतं. सोसत नव्हती ती पाठ. पहिल्या बेसवर धावणारा उभा असताना चेंडू जमिनीवरून आला, की एका दमात दोघांना बाद करायची संधी असते. अशा वेळी शॉर्टस्टॉप बेसवर येतो तो समोर बघत; धावणारा त्याच्या डोळ्यांसमोर, किती लांब, किती रागात, सगळं दिसतं. सेकंड बेसवाल्याला मात्र बेसवर जाऊन पलीकडून येणारा चेंडू घ्यायचा असतो, आणि धावणारा येतो त्याच्या डाव्या खांद्यामागून. चेंडू हातात येईपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस लोखंडी खिळ्यांचे बूट घालून आपल्या गुडघ्यावर धावत येतोय आणि आपण त्याच्याकडे पाठ करून हात पुढे धरून उभे. पहिल्याच दिवशी, नुसत्या सरावात, मागे कुणीही धावत नसताना ओनेलची मान तीनदा वळली आणि तीनदा चेंडू मनगटावर बसला. "मागे कोण आहे रे तुझ्या?" मोंचोकाका ओरडले. "सावकार?" पोरं हसली. ओनेलही हसला, पण त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, जिथे माणसाला स्वतःचं स्वतःला खाजवता येत नाही, तिथे काहीतरी थंड बसलं ते बसलंच.

तिथेच ते पूर्वीही एकदा बसलं होतं. गावी सालिनासला, मिठागरांच्या काठावरच्या घरासमोर तो गोट्या खेळत होता. वय सहा-सात. रस्त्याकडे पाठ होती, कारण गोटी भिंतीकडे मारायची होती. आई आदल्या रात्रीपासून नवीन कपड्यांत होती, घरात शेजारणी येऊन रडून जात होत्या, आणि पोराला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने आकांत केला असता, म्हणून मोठ्या माणसांनी शहाणपणा केला. मागे गाडीचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला. गोटी लागली का ते बघून त्याने मान वळवली तेव्हा रस्त्यावर धूळ होती. आई माद्रिदला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांची सेवा करायला गेली. ती अजून तिथेच आहे, दर रविवारी फोन करते, त्याच्या सगळ्या वाढदिवसांना तिने बूट पाठवले. तिच्यावर त्याचा राग नाही. राग असला तर त्या गोटीवर आहे. दुसऱ्या दिवशी चागोमामा त्याला मैदानावर घेऊन गेला. मैदान म्हणजे मिठाच्या ढिगाऱ्यांमागची करकरीत जमीन. चेंडू तिच्यावर कसाही उडायचा. मामाने लंगडत लंगडत जाऊन टाचेने एक खूण केली आणि म्हणाला, "इथं उभा राहा. इथून सगळं समोर दिसतं. पाठीमागून काही येत नाही." बस्स. एवढंच. कुणी त्याला विचारलं असतं की तू शॉर्टस्टॉप का झालास, तर लोक सांगतात तसं त्याने काहीतरी सांगितलं असतं, पण खरं कारण हे होतं की त्या खुणेवर उभं राहिल्यावर त्याला पहिल्यांदा रडू थांबवता आलं.

आणि मामा लंगडत का होता, तर सेकंड बेसमुळेच. ही गोष्ट सालिनासमध्ये पोराटोरांना पाठ आहे. चागो हा पंचक्रोशीतला सेकंड बेसवाला, जवळच्या बानी शहराच्या संघाने त्याला उचललेला, आणि अंतिम सामन्यात एका दांडगटाने मागून येऊन त्याच्या डाव्या गुडघ्यावर खिळे घातले. मामाला तो येताना दिसलाच नाही. मागून येणारा कुणाला दिसतो? गुडघा गेला, बानी गेलं, आणि मामा बापाच्या मिठागरात लाकडी फावडं ओढायला परत आला. दुकानाबाहेर डॉमिनो खेळताना म्हातारे अजून त्या दांडगटाच्या आईचा उद्धार करतात, आणि मामा काही न बोलता सोंगट्या लावत राहतो.

आता हे मामाला सांगायचं कसं? ओनेलने करारावर सही केली त्या शनिवारपासून मामाने लॉटरीच्या दुकानात शून्य-सहा लावायला सुरुवात केली होती. गावातली माणसं स्वप्नात आलेल्या गाईचा नाहीतर मेलेल्या आजीच्या वयाचा आकडा लावतात. मामाचा आकडा ठरलेला. सहा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. दुकानातली बाई चिठ्ठी आधीच फाडून ठेवायची. मामा रोज दुपारी, म्हणजे तिथे संध्याकाळ झालेली असायची, फोन करायचा आणि एकच विचारायचा: "उजवीकडं किती आले?" उजवीकडे खोल गेलेला चेंडू उलट्या हाताने उचलून, पाय रोवून, पहिल्या बेसपर्यंत फेकणं हा शॉर्टस्टॉपचा दागिना. पहिल्या दिवशी ओनेल म्हणाला, तीन. त्याला वाटलं, एक दिवसाचं खोटं आहे. उद्या कागदावर पुन्हा सहा असेल. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, दोन, पण अवघड होते. खोट्याला एकदा पाय फुटले की ते चालतंच. पाचव्या दिवशी तो त्या न आलेल्या चेंडूंच्या उड्यांचं वर्णन करत होता, आणि पलंगावर आडवा पडून सालामी खाणारा नेफ्ताली त्याच्याकडे बघत होता. फोन ठेवल्यावर नेफ्ताली म्हणाला, "तो दुसरा चेंडू मला आला होता."

"माहीत आहे."

"सांगताना मात्र माझ्यापेक्षा झकास उचललास." आणि मग, "मी मागितलं नव्हतं, भाऊ. मलाही कागदावरच कळलं." ओनेलला हेही माहीत होतं. नेफ्तालीचा राग करता आला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण सकाळी दोघांसाठी केळी उकडून मांगू कुटणारं, वर कांदा घालणारं आणि आधी ओनेलला वाढणारं पोर ते, त्याचा राग तरी कसा करायचा?

दिवस जात होते. इथली हवा कोरडी, ओठ फुटायचे, रस्त्याच्या कडेच्या संत्र्यांच्या झाडांना फुलं आली होती आणि त्यांचा वास सकाळी बसमधून उतरताना इतका दाट असायचा की ओनेल नाकावर टोपी धरायचा. तो बसमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागला. जेवायला बसताना भिंत शोधायला लागला. एकदा तो आणि नेफ्ताली बाजाराला गेले असताना पैसे द्यायच्या रांगेत एका म्हातारीची ढकलगाडी त्याच्या टाचेला लागली, अगदी हलकेच, आणि ओनेलने अशी उडी मारली की हातातली अंडी खाली. म्हातारी ओशाळली. ती इंग्रजीत काहीतरी मऊ बोलत राहिली, खाली वाकून टरफलं गोळा करायला लागली, आणि ओनेलला तिला सांगायचं होतं की आजी, तुमचं काही चुकलं नाही, माझी पाठ उघडी पडलीये. पण एवढं इंग्रजी त्याला येत नव्हतं. तो नुसता सॉरी सॉरी म्हणत राहिला. दोघांनी मिळून फरशी पुसली.

बाराव्या दिवशी मागच्या मैदानावर सामना होता, सरावाचाच, पण हॅलडेनसाहेब जाळीमागे खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या बेसवर धावणारा. फलंदाजाने बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवला. तो पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पुढे घरंगळत गेला. अशा वेळी पहिल्या बेसवरचा खेळाडू चेंडूकडे धावतो, त्याचा बेस रिकामा पडतो, आणि सेकंड बेसवाल्याने धावत जाऊन तो सांभाळायचा असतो. हे ओनेलला माहीत होतं, आदल्या दिवशी त्याने ते वीस वेळा केलं होतं. पण पायांनी विचारलं नाही. पाय पंधरा वर्षांच्या सवयीने दुसऱ्या बेसकडे सुटले, आणि तिथे पोचून त्याने वर पाहिलं तर समोर, त्याच बेसवर पाय ठेवून, नेफ्ताली. दोघांचे हात पुढे. पिचरने चेंडू उचलला, वळला, आणि पहिल्या बेसकडे फेकला, जिथे कुणीच नव्हतं. चेंडू कोपऱ्यापर्यंत गेला. धावणारा तीन बेस पळून शेवटच्या, घरच्या बेसवर आला, टाळ्या वाजवत. नेफ्ताली ओठ न हलवता म्हणाला, "पाहुणा आलास होय? बस, पाणी आणतो." दोन्ही बाजूंची पोरं पोट धरून हसत होती. हसू नाही आलं ते दोघांना, ओनेलला आणि मोंचोकाकांना. साहेबांनी मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते लांबलचक नव्हतं.

मोंचोकाका त्याला मैदानाच्या टोकाला घेऊन गेले. ओनेलला वाटलं, आता आईबहीण निघेल. पण म्हातारा बादलीवर बसला आणि बूट काढून त्यातली माती झटकत राहिला. "पायाची चूक मी पकडत नाही," तो म्हणाला. "पाय आठ दिवसांत नवं घर शिकतात. पण तू बेसवर येतोस तो मेल्यासारखा येतोस. मान आखडलेली. मागे बघू नये म्हणून एवढा जोर लावतोस की पुढचं दिसत नाही. कुणी मारलं का तुला कधी मागून?"

"मला नाही," ओनेल म्हणाला.

"मग कुणाला?"

त्या दुपारी मामाचा फोन आला आणि उजवीकडं किती आले हा प्रश्न आला, तेव्हा त्याने चार सांगितले, आणि मग, स्वतःलाही न कळता, विचारलं, "मामा, गुडघा कसाय?"

पलीकडे कोंबडा कुठेतरी ओरडला. "गुडघ्याला काय झालंय," मामा म्हणाला. "आहे जागेवर."

पुढचे तीन दिवस मामाचा फोन आला नाही. मामाचा फोन येत नाही म्हणजे काय, तर सूर्य उगवत नाही. ओनेलने केला तर मामा मिठागरावर, मामा दुकानावर, मामा झोपलाय. चौथ्या दिवशी सराव संपल्यावर ओनेल बसमध्ये चढला नाही. रिकाम्या मैदानाच्या कडेला, संत्र्याच्या झाडाला पाठ लावून बसला आणि मामाने उचलेपर्यंत फोन लावत राहिला. मामाचा चेहरा पडद्यावर आला, फार जवळ, नाक आणि मिशी. पहिल्यांदाच त्याने उजवीकडं किती आले ते विचारलं नाही.

"मामा," ओनेल म्हणाला, "मी खोटं बोललो. सोळा दिवस झाले. मला सेकंड बेसला टाकलंय. उजवीकडं एकही आलेला नाही." आणि मग थांबता येईना. कागदाचं सांगितलं, नेफ्तालीचं सांगितलं, चेंडू रिकाम्या बेसवर गेला ते सांगितलं, अंड्यांचंही सांगितलं. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "मान वळते. पाच दिवस राहिले आहेत आणि मान वळते."

"मला ठाऊक आहे," मामा म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"तूच. गुडघ्याचं विचारलंस ना? जन्मात कधी विचारलं नव्हतंस. तेव्हाच म्हटलं, पोराला नेऊन माझ्या जागेवर उभं केलं." मामा कुठेतरी बघत होता. "तीन दिवस मी फोन घेतला नाही तो रागानं नाही. एक सांगायचं होतं, ते तोंडातून निघत नव्हतं."

मामाने मिशी पुसली. "तो दांडगट. लोक सांगतात, मागून आला, चागोला दिसला नाही. मीच सांगितलं तसं लोकांना. खरं तसं नाही. मला दिसला तो. मी वळून बघितलं. चेंडू हवेत होता, पाय बेसवर होता, आणि पाठीमागं धपधप ऐकू आलं तसा मी वळलो, बघायला. बघितलं म्हणून पाय तिथंच राहिला. नसतं बघितलं तर तोवर चेंडू फेकून बाजूला झालो असतो. त्याचा काही दोष नव्हता. बिचारा दवाखान्यात आला होता भेटायला, आंबे घेऊन. मी आईकरवी हाकलून दिला." मग तो म्हणाला, "आणि तुला त्या खुणेवर उभा केला, तो तुझं भलं म्हणून नव्हे रे. तुला माझ्या जागेवर बघवलं नसतं मला."

कितीतरी वर्षांची शिवीगाळ ओनेलच्या डोळ्यांसमोरून गेली, डॉमिनोच्या टेबलावरची, आणि त्यात गप्प बसून सोंगट्या लावणारा मामा. त्याला मामाची कीव आली नाही. माया आली, इतकी की त्याने फोन जरा दूर धरला. "आता नियम आहे, मामा," तो उगीच म्हणाला. "धावणाऱ्याने बेसकडेच घसरायचं. माणसाच्या अंगावर यायचं नाही."

"झकास नियम आहे. धावणाऱ्याला सांगितलाय ना कुणी?" मामा म्हणाला. "थांब जरा. हे धर." धरायला तिथे कुणी नव्हतं, मामाने फोन कशालातरी टेकवला, तो घसरला, आणि पडद्यावर फक्त जमीन राहिली, सिमेंटची, आणि मामाचे अनवाणी पाय. मिठाने फाटलेल्या पांढऱ्या टाचा. डावा पाय उजव्यापेक्षा बारीक. एक चप्पल ढकलत मध्ये आली. "हा बेस," वरून आवाज आला. "बघ. इथं येऊन चेंडूची वाट बघायची नाही. चेंडू आणि तू एकाच वेळी पोचायचं. डावा बेसवर. चेंडू हातात, उजवा मागं. आता बेसलाच ढकल, आणि डावा उचल." पाय जात होते, येत होते. डावा उचलताना गुडघा कापत होता, पण जागा चुकत नव्हती. पाव इंचही नाही. "आणि कान. डोळे दिलेत चेंडूला, कान दिलेत मागच्याला. पावलं ऐकायची. धपधप आहे तोवर तो लांब आहे. आवाज थांबला की तो जमिनीवर आला, घसरतोय. तेव्हा तुझा पाय वर पाहिजे. बघायचं नाही. ऐकायचं. पुन्हा बघ." चप्पल सरकली. मामाने पायानेच ती पुन्हा जागेवर आणली. ओनेल संत्र्याखालून उठला. फोन बुंध्याला टेकवला, टोपी जमिनीवर टाकली, आणि मामाच्या पायांबरोबर आपले पाय टाकायला लागला. तिकडे अंधार पडत आला होता आणि पाय दिसेनासे होईपर्यंत मामा थांबला नाही.

एकोणिसाव्या दिवशी सातव्या डावात धावणारा पहिल्या बेसवर होता, मोठ्या हाडाचा, टेक्सासकडचा. चेंडू नेफ्तालीकडे गेला, जोरात. ओनेल निघाला. खांद्याच्या फऱ्याखालचं ते थंड जागेवर होतं; कुठे गेलं नव्हतं, जाणारही नव्हतं बहुतेक. त्याने ते असू दिलं. मागे धपधप सुरू झाली. त्याने आजवर या आवाजापासून तोंड फिरवायचा प्रयत्न केला होता. आता तो त्याने आत घेतला. धपधप, जवळ, आणखी जवळ. नेफ्तालीने चेंडू छातीच्या उंचीवर दिला, नेमका, ताटात वाढावा तसा. डावा बेसवर. आवाज थांबला. उजवा मागे, ढकल, डावा वर. त्याच्या बुटाखालून काहीतरी खरखरत गेलं, धूळ गुडघ्यापर्यंत उडाली, आणि चेंडू पहिल्या बेसवर पोचल्याचा तो सपाट आवाज आला. दोघं बाद. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेकंड बेसवाल्याने काम नीट केलं की बघणाऱ्याला काही झाल्यासारखं वाटतच नाही. खाली पडलेला धावणारा उठून पँट झटकत म्हणाला, "चांगला फेकलास." मोंचोकाका कठड्यावर हात ठेवून दुसरीकडेच बघत होते. ओनेल बाकावर येऊन बसला. नेफ्तालीने न विचारता त्याच्या मांडीवर टॉवेल टाकला.

शुक्रवारी सकाळी कोल आला, कागदी पेला घेऊन. खोलीतलं बोलणं एकेक करून विझलं. तो रांगेतून हळूहळू येत होता, आणि ओनेलच्या हातात एक मोजा होता. त्याला गेल्या वर्षीचं पोर आठवलं. घालावा की काढावा? कोल त्याच्यासमोर थांबला. कागदाकडे बघितलं, वर बघितलं. मग नेफ्तालीला म्हणाला, "पाय घे ना जरा मधून." नेफ्तालीने पाय घेतला. कोल पुढे गेला आणि भिंतीजवळच्या पिचरच्या खांद्याला त्याने हात लावला. ओनेलने मोजा घातला. त्या पिचरकडे त्याला बघवेना, पण ओनेल उठून गेला आणि त्याने त्या पोराची पेटी दारापर्यंत उचलून दिली. बाहेरच्या कागदावर ओनेलच्या नावापुढे चार होतं. त्याने बोट लावून बघितलं नाही.

शनिवारी दुपारी मामाचा फोन आला. "आज चार लावला," तो म्हणाला. "शून्य-चार. दुकानातल्या बाईनं शून्य-सहाची चिठ्ठी फाडून ठेवली होती, ती म्हणाली, चागो, बरा आहेस ना? म्हटलं, भाचा पलीकडं राहायला गेलाय."

"आला का आकडा?"

"छे."

"मग फुकट गेला की, मामा," ओनेल म्हणाला. "सहाच ठेवायचा होतास."

मामाने कुणालातरी डॉमिनोची सोंगटी लावायला सांगितली, आणि सोंगटी टेबलावर आपटल्याचा आवाज आला. "सहा तरी कुठं कधी आला होता," तो म्हणाला. "मला सांग, डावीकडं किती आले?"